तिसरी बोअर

पर्यावरण खात्यात निरीक्षक म्हणून तिची अठरा वर्षं झाली होती. मोठ्या गोठ्यावर जायचं तर नाक घरी ठेवावं आणि डोळे तेवढे न विसरता न्यावेत, एवढं ती त्यात पक्कं शिकली होती.

हा गोठा चार हजार गाईंचा, टेकडीच्या उतारावर. शेडच्या खाली शेणामुताचं भलंमोठं तळं आणि कुंपणापलीकडे, आणखी खाली, तीस-चाळीस घरांची वस्ती. तळ्याभोवती भूजल तपासणीच्या तीन बोअर हव्यात, दोन वरच्या अंगाला आणि एक खालच्या, असं परवान्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण दर तपासणीला मॅनेजर तिला वरच्या दोनच दाखवायचा.

"तिसरी कुठाय?"

"ती आटली हो मॅडम. बुजली पण. कुठे होती ते आता कुणालाच आठवत नाही." मॅनेजर बोलायला असा गोड की ऐकणाऱ्याचे दात किडावेत.

वरच्या बोअरचं पाणी नितळ निघायचं. निघणारच. पाणी काही उतार चढून वर जात नाही. खाली वस्तीतल्या किराणा दुकानदाराने मात्र आपल्या विहिरीचं पिवळट पाणी बाटलीत भरून आणलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं. "तुम्ही प्याल का हे?" एवढंच विचारून तो गेला.

तिचे साहेब म्हणाले, "ते गोठ्यातूनच आलं कशावरून? पुरावा आणा. आणखी दोन हजार गाईंसाठी त्यांचा अर्ज आलाय, महिनाअखेर निकाल द्यायचाय."

ती रेकॉर्ड रूममध्ये शिरली. अर्धा दिवस धूळ खाल्ल्यावर जुनी फाइल सापडली. नकाशाचा नेमका हवा तो कोपरा वाळवीने खाल्ला होता. पण मागे बोअर मारल्याचा दाखला होता आणि दाखल्यावर ठेकेदाराची सही. ती सही तिने दोनदा वाचली. तिच्या सासऱ्यांचीच होती.

सासऱ्यांना सगळे पाताळकाका म्हणत. आयुष्यभरात त्यांनी आठशे बोअर मारल्या होत्या. आता मशीन तिचा नवरा चालवायचा आणि पुढच्या महिन्यात त्याला याच गोठ्याचं मोठं काम मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाच्या कपाशेजारी दाखल्याची प्रत ठेवली. "मामंजी, ही सही तुमची ना?"

त्यांनी चष्मा लावला. "माझीच. हल्ली इतकी सरळ येत नाही."

"ही तिसरी बोअर खरंच आटली होती?"

"अगं, सकाळी सकाळी काय चौकशी लावलीस?" नवरा म्हणाला. "ऑफिस ऑफिसातच ठेव ना."

पाताळकाकांनी कप बाजूला सारला. "आटली नव्हती," ते म्हणाले. "मीच बुजवली. सहा वर्षं झाली. पाणी काळपट यायला लागलं होतं, वास मारत होतं. मॅनेजर म्हणाला, ही बंद करा, दुसरीकडे नवी घेऊ. मी पाइप जमिनीखाली हातभर कापला, झाकण ठोकलं, माती लोटली. नवी काही त्यांनी घेतली नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांचं काम होतं ना आपल्याकडे."

"बाबा! हे बाहेर गेलं तर पुढचं काम गेलंच म्हणून समजा. सहा माणसं आहेत माझ्या मशीनवर."

"तुमचं चुकत नाही हो," ती नवऱ्याला म्हणाली. "पण ती बोअर मी शोधणार. मामंजींनी जागा सांगितली नाही, तर सगळा उतार खणून काढीन."

"उतार कशाला खणतेस? मी येतो," पाताळकाका म्हणाले. "आठशे बोअर मारल्या, त्यांतली निम्मी ठिकाणं आठवत नाहीत. बुजवली ती एकच, पण तेवढी डोक्यातून जात नाही."

नवरा चहा तसाच टाकून उठून गेला.

सासऱ्यांचं नाव यात आहे, तेव्हा जबाब आणि नमुना दुसऱ्या अधिकाऱ्याने घ्यावा, असं तिने साहेबांना त्याच दिवशी लेखी कळवलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या विभागाचा अधिकारी, ती आणि काठी टेकत पाताळकाका अशी तिघं गोठ्याच्या फाटकात उभी राहिली. म्हाताऱ्याला बघून मॅनेजरच्या चेहऱ्यावरचा गोडवा उतरला.

"मॅडम, आज मालक नाहीयेत."

"तपासणीला मालक लागतात असं परवान्यात कुठे आहे? दाखवा मला."

दहा मिनिटांत साहेबांचा फोन आला. "जरा सबुरीने घ्या. आज राहू द्या."

"तसं लेखी पाठवा सर. तोवर आम्ही खणतो."

लेखी काही आलं नाही.

पाताळकाकांनी तळ्याच्या कोपऱ्यापासून पावलं मोजली आणि जुन्या टायरांच्या ढिगापाशी थांबले. "ह्याच्या खाली." गोठ्यातलं कुणी हात लावीना. तिने पदर खोचला आणि टायर ओढायला लागली. सात-आठ टायर बाजूला झाले असतील, तेवढ्यात नवऱ्याची गाडी येऊन थांबली. पहार आणि फावडं घेऊन तो उतरला.

"बाबा खणायला वाकतील आणि कंबर धरून बसतील, म्हणून आलो," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

हातभर खाली पहार खणकन वाजली. झाकण उघडलं तसा मॅनेजर रुमाल नाकाला लावून मागे सरकला. अधिकाऱ्याने बाटल्या भरल्या, सील केल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या. पाताळकाकांनी तिथेच टायरावर बसून जबाब दिला आणि वाकड्या अक्षरात सही केली.

पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या सहापट निघालं. दोन हजार गाईंचा अर्ज फेटाळला गेला. तळं रिकामं करून त्याला नवं अस्तर घाला आणि तोवर वस्तीला टँकरने पाणी पुरवा, असा आदेश निघाला. नवऱ्याचं काम अर्थातच गेलं. दोन माणसं त्याला कमी करावी लागली आणि महिनाभर तो घरात तोलूनमापून बोलत होता. एके दिवशी जेवताना त्याने स्वतःहून विचारलं, "अस्तराचं काम नीट चाललंय का?" तेव्हा तिला पहिल्यांदा घास गोड लागला.

आता ती दर महिन्याला तिसऱ्या बोअरचं पाणी घेते. नायट्रेट उतरतंय, पण गोगलगाईच्या चालीने.

"जमिनीतलं आहे ते मॅडम," मॅनेजर म्हणाला. "साफ व्हायला वर्षं लागतील. किती वेळा येणार?"

"निवृत्तीला अजून चौदा वर्षं आहेत," ती म्हणाली आणि बाटलीवर तारीख लिहायला लागली.