सुगडांचं वावर

दिवाळीनंतर आलेलं ते पत्र अनंतरावांनी किती वेळा उघडलं आणि मिटलं, त्याला गणती नव्हती. अहमदपूरजवळच्या एका शाळेतल्या मुलांनी ते लिहिलं होतं. लातूर जिल्हा नवा झाला, रस्ते निघाले आणि गावातल्या नागुबाईच्या वावरातली माती मुरमासकट भरावाला गेली. तिथं मुलांनी कडुलिंब आणि करंज लावले होते. 'गुढीपाडव्यापर्यंत रोपं वाळली तर नागुबाई वावर वीटभट्टीला देणार हाय. तुम्ही लई पुस्तकं वाचली, असं आमच्या वर्गाच्या चांगुणाबाई सांगतात. झाडं जगतील का?'

नांदेडच्या वाचनालयात जन्म काढलेल्या अनंतरावांनी घरची तुळससुद्धा धड जगवली नव्हती. असल्या दुष्काळात हो लिहावं तर खोटं ठरायचं, नाही लिहावं तर पोरांची मनं मोडायची. त्यांनी उत्तर पाठवलंच नाही. पाडवा तोंडावर आला तेव्हा मात्र घरात बसवेना. त्यांनी एसटी धरली.

वावर पाहून ते बांधावरच थबकले. प्रत्येक रोपाशी संक्रांतीचं सुगड गळ्यापर्यंत पुरलेलं. बुडाला भोक, भोकात चिंधीची वात. मुलं शाळेच्या हापशाचं पाणी त्यात ओतत होती. रोपांना तांबूस पालवी फुटली होती.

"हे कुणाच्या डोक्यातलं?"

"पोरांच्याच, सर," चांगुणाबाई म्हणाल्या. "वाण झालं की सुगडं कोनाड्यात पडून राहतात. घरोघर जाऊन मागून आणली."

बांधावर बसलेल्या नागुबाईनं मोकळ्या कपाळावर पदर ओढला. "मालक गेल्यापासून माह्या घरी सुगड न्हाई आलं, गुरुजी. वाणाला कुणी बलवत न्हाई. आन् ह्या कार्ट्यांनी सारं वावर मांडून ठेवलं."

"आणि वीटभट्टी?"

"आला व्हता भट्टीवाला. म्हणलं, बाबा, माह्याकडं हळदीकुकू चालू हाय. बायांत तुझं काय काम?"

मुलं खिदळली. एक चिमुरडी पुढं आली. "उत्तर आणलं का, आजोबा?"

"तोंडी सांगू?"

"न्हाई. पोस्टमनला रोज इचारून राहिलो आम्ही. त्यो हसतो आम्हाला."

परतताना अहमदपूरच्या स्टँडवर अनंतरावांनी पिशवीतलं पोस्टकार्ड काढलं. त्यावर कधीपासून नुसतं 'चिरंजीव मुलांनो' एवढंच होतं. खाली त्यांनी लिहिलं, 'झाडं जगतील. पुढच्या संक्रांतीला आमच्या गल्लीतली सुगडं मागून आणतो.'

दारोदार जाऊन मागणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. हात मागं यायच्या आत त्यांनी कार्ड लाल पेटीत टाकलं.