पाताळाचा प्रसाद

वडनेरच्या शाळेचं पटांगण माणसांनी गच्च भरलं होतं. मधोमध पाटावर प्रेमदास बसला होता. कपाळभर शेंदूर, पुढ्यात पितळी तांब्या. त्यानं तेलकट फडक्यातून एक राखाडी खडा काढला, कपाळाला लावला, तांब्यात टाकला आणि वरून पाण्याची धार धरली. पाणी खदखदलं. मग त्यानं आरतीतला जळता कापूर तांब्याच्या तोंडाशी नेला.

भक्कन ज्योत उठली. पाण्यावर!

"पेटलं! पाणी पेटलं माय!" बाया ओरडल्या आणि हात आपोआप जोडले गेले.

यशोदाबाईंनी पदर नाकाला लावला. त्या ह्याच शाळेत शिकवायच्या. लसणासारखा तो कुबट वास त्यांच्या ओळखीचा होता.

झालं होतं असं, की विकास गटाच्या साहेबांनी गावातल्या काही जणांना चांद्याकडची कोळशाची खाण आणि वीजघर दाखवून आणलं. सरकारी कागदावर शब्द होता 'अभ्यास-यात्रा', आणि घोटाळा तिथंच झाला. अभ्यास वाऱ्यावर उडाला, यात्रा तेवढी गावात राहिली. यात्रेहून आलेल्याचे पाय धुवायचे, मावंद्याचं जेवण घालायचं, आणि त्यानं तीर्थ-प्रसाद वाटायचा, ही रीत. बायांनी पाय धुता धुता ओवी धरली:

*गेलं माझं गणगोत, पाताळाच्या गावा,*
*काय आणलं वाटेनं, ओंजळीत दावा.*

ओंजळी रिकाम्या होत्या. सारे ओशाळले. प्रेमदास तेवढा ओशाळला नाही.

आज साहेब अभिप्राय घ्यायला आले होते. "सहलीचा काय लाभ झाला ते ज्यानं त्यानं सांगा," म्हणाले. किसनराव म्हणाला, "पुऱ्या गरम होत्या साहेब, पण मोटारीत लय कोंबलं." मुख्याध्यापक बंडोपंत 'अत्यंत स्फूर्तिदायक' एवढं बोलून खाली बसले. मग प्रेमदास उठला, आणि अभिप्रायाची आरती झाली.

"म्या खानीत उतरलो," प्रेमदास डोळे पांढरे करून सांगत होता, "अन् अंधारात काळी माय उभी! म्हने, प्रेमदास, तू काऊन आला? म्हटलं, गावाच्या कल्यानासाठी. तं तिनं पदरातले खडे देल्ले. पानी पेटते, अन् मागं विभूती राह्यते. डोयात घाला, आंधळ्याले दिसंन!"

त्यानं तांब्यातला पांढरा गाळ बोटावर घेतला. समोर आनंदाबाई बसली होती, मांडीवर नात जयवंता. पोरीचे डोळे आले होते. चिपडांनी पापण्या चिकटलेल्या.

"कालच नत्थूच्या डोयात घातली. इचारा त्याले!"

म्हातारा नत्थू कोपऱ्यात डोळ्यावर चिंधी दाबून बसला होता. चिंधीखालून पाणी गळत होतं. "आग होते बापा," तो हात जोडून म्हणाला, "म्हंजे गुन येऊन राह्यला."

यशोदाबाईंना किळस आली. त्या ज्योतीची नाही, जोडलेल्या हातांची. बंडोपंतांचेही हात जोडलेले होते!

"थांब!" त्या पुढं झाल्या. "आधी तुझ्या डोळ्यात घाल, प्रेमदास."

"माह्ये डोये चांगले हायेत, बाई."

"मग आणखी चांगले होतील. घाल ना!"

कुणीतरी हसलं. प्रेमदासचं बोट जागीच राहिलं. यशोदाबाईंनी हळदी-कुंकवाच्या ताटातली चिमूटभर हळद उचलली आणि तांब्यात टाकली. पांढरा गाळ बघता बघता लालभडक झाला.

"रगत!" प्रेमदास किंचाळला. "माय कोपली! बाईनं बाटवलं!"

गर्दी मागं सरली. पण आनंदाबाई वाकून तांब्यात बघत राहिली.

"रगत कायचं रे मुडद्या?" ती म्हणाली. "हळदीले चुना लागला का लाल होते. मी घरी कुंकू करतो तं असंच करतो." आणि मग बोलता बोलताच तिला उमगलं. तिनं नातीला छातीशी ओढलं. "चुना! माह्या पोरीच्या डोयात चुना घालत होता तू?"

"चुनाच," यशोदाबाई म्हणाल्या. "आणि हे खडे कार्बाइडचे. वीजघराच्या कारखान्यात मिस्त्री ह्यावर पाणी टाकून गॅस काढत होता. तो गॅस जळतो, पाणी नाही. त्या ज्योतीनं तो लोखंड जोडत होता, आणि मागं हाच पांढरा गाळ उरत होता. आम्ही सगळे तिथं उभे होतो. गुरुजी, वासानं तुम्ही धोतराचा सोगा नाकाला लावला होता. बोला ना!"

बंडोपंतांनी मान खाली घातली. "खरं आहे," ते पुटपुटले. "पण लोकांची श्रद्धा..."

"श्रद्धा? त्या म्हाताऱ्याचा डोळा गेला तर काय सांगाल त्याला?"

प्रेमदास फडकं गुंडाळून उठला होता. किसनरावानं त्याची मानगूट धरली. यशोदाबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. त्यांनी घागर ओढली, नत्थूची चिंधी सोडली आणि त्याच्या डोळ्यावर स्वच्छ पाण्याची धार धरली. डोळा लालबुंद होता, बुबुळावर पांढुरका डाग चढलेला.

"दिसंन का बाई?" नत्थूनं विचारलं.

"ठाऊक नाही, बाबा. हिंगणघाटच्या डॉक्टरांना दाखवू. साहेब, तुमची मोटार लागेल. जयवंतालाही घ्या."

साहेब कागद धरून उभे होते. "हो, हो. पण बाई, तुमचा अभिप्राय राहिला."

यशोदाबाईंनी घागर खाली ठेवली.

"लिहा," त्या म्हणाल्या. "खाणीत कोळसा आहे, देवी नाही. तो माणसं घाम गाळून काढतात, आणि कसा काढतात हे कुणीही विचारलं तर सांगतात. जो विचारू देत नाही, त्याच्या हातून डोळ्यातच काय, तळहातावरही काही घेऊ नका. आधी विचारा. देव असेल तर रागावणार नाही. रागावला, तर तो देव नव्हे."