रुसूबाईची बॅटरी

मित्रांनो, नवी गाडी आली की लोक तिचा रंग बघतात, दारे उघडून-मिटून बघतात, आतली गादी दाबून बघतात. माझ्याकडे मात्र कुणी बघत नाही. मी बॉनेटखाली कोपऱ्यात बसलेली बॅटरी. आता म्हातारी झाले आहे आणि बॅटरीवाल्याच्या दुकानात, मागच्या भिंतीशी, माझ्यासारख्याच थकलेल्या सोबतिणींबरोबर बसले आहे. वेळच वेळ आहे, तेव्हा तुम्हांला माझी हकिगत सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये काचेच्या तंतूंची गादी आणि त्या गादीत मुरवलेले आम्ल, हे माझे अंतरंग. साध्या बॅटरीने सकाळी गाडी सुरू करून दिली की ती पाय पसरून बसायला मोकळी. माझे तसे नव्हते. पट्ट्या रचणारी बाई मला उचलून शेजारणीला म्हणाली, "हिला जड का बनवतात माहीत आहे? हिला प्रत्येक सिग्नलला इंजिन उठवायचं असतं."

"म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेचाच जन्म म्हण की," शेजारीण म्हणाली, आणि दोघी खूप हसल्या.

ते हसणे मला पुढे कळले. आमची गाडी नव्या पद्धतीची होती. लाल दिवा लागला, ब्रेक दाबला, गाडी पुरती थांबली, की तिचे इंजिन आपले आपण झोपी जाई. उभ्या उभ्या पेट्रोल कशाला जाळायचे आणि मागच्याच्या नाकात धूर कशाला सोडायचा? तेवढ्या वेळात दिवे, पंखा, गाणी, सगळा संसार माझ्या डोक्यावर. ब्रेकवरचा पाय उचलला की मी इंजिनाला एक ढोसणी द्यायची, की ते लगेच जागे. तुमची पापणी मिटून उघडेपर्यंत काम फत्ते.

पण ही झोप वाटेल तेव्हा मिळत नसे. जिथे तार जोडतात त्या माझ्या खुंटीवर एक छोटेसे यंत्र बसवले होते. इंजिन झोपण्याआधी ते मला विचारी, "पुन्हा उठवायला जमेल ना गं?" माझ्यात ताकद नसली तर मी नाही म्हणायची, मग इंजिन जागेच राही. इंजिन थंड असले, गाडी गार करायचे यंत्र जोरात चालू असले, चालवणाऱ्याने पट्टा बांधलेला नसला, तरीही झोप नाही. सगळे कसे शिस्तीत.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. इंजिन चालू असताना त्याच्या घरघरीत मला दुसरे काही ऐकू येत नसे. ते झोपले की गाडीत एकदम शांतता पसरे आणि आतले बोलणे माझ्यापर्यंत पोचे. म्हणून त्या घराचे सुखदुःख मला कळले ते असे, सिग्नलला थांबत थांबत.

घर मास्तरांचे. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. निम्म्या गावाने त्यांच्या शेजारी बसून स्टिअरिंग धरलेले. शिकवणीची गाडी खटारा होती. एकदा चालू झाली म्हणजे मिळवली, अशी. म्हणून मास्तरांचा पहिला धडा ठरलेला, "काही होवो, इंजिन बंद पडू द्यायचं नाही." आणि पडलेच, तर शिकणाऱ्याने खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांची माफी मागायची, मगच किल्लीला हात लावायचा. हा त्यांच्या शिकवणीचा रिवाज. चौकातल्या लोकांना खिडकीतून आलेला हात दिसला की ते म्हणत, "मास्तरांचा विद्यार्थी दिसतोय."

मास्तरीणबाईही त्यांच्याच विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी त्यांनी इतक्या वेळा हात बाहेर काढला, की मास्तर म्हणाले, "आता हात बाहेरच राहू दे, मीच किल्ली फिरवतो." पुढे लग्न झाले. बाई गाडी अशी चालवू लागल्या, की नाव ठेवायला जागा नाही.

आमची गाडी घरात आली तेव्हा मात्र दिवस फिरले होते. मास्तरांना झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली होती. काठीच्या आधाराने चालत, पण शब्द घशात अडकत. त्यांना समजत सगळे होते. पहिला शब्द यायचा, दुसरा दाराशी येऊन थबकायचा. लोकांना ते बघवत नसे, म्हणून जो तो त्यांची वाक्ये आपणच पुरी करी. बाई तर सगळ्यांत आधी. प्रेमच ते, दुसरे काय!

दर गुरुवारी बाई त्यांना चपलांच्या दुकानावर असलेल्या छोट्या दवाखान्यात नेत. तिथे एक ताई मास्तरांना पुन्हा बोलायला शिकवायची. जुनी गाडी काही झेपेना आणि बाईंचा गुडघाही दुखे, म्हणून लेकीने क्लच नसलेली ही गाडी घेतली. गाड्यांच्या दुकानातला विक्रेता सगळी माहिती लेकीला सांगत होता आणि लेक फोनवर बोलत होती. बाई मास्तरांचा पाय नीट आत घेण्यात गुंतल्या होत्या. त्या माणसाचे बोलणे अक्षर न् अक्षर ऐकले ते एकट्या मास्तरांनी. पण त्यांना कोण विचारतो?

पहिल्याच सिग्नलला इंजिन झोपले आणि बाईंची किंकाळी माझ्या कानावर आली.

"अगं बाई, बंद पडली!"

झाले! इतक्या वर्षांची सवय ती. बाईंचा हात खिडकीतून बाहेर गेला आणि दुसरा गाडी सुरू करायच्या बटणावर. बटण दाबले की गाडी पुरतीच बंद. डुलकी घेणाऱ्याला हाक मारायची सोडून त्याच्या खोलीतला दिवाच मालवावा, तसे. पुन्हा सगळे पहिल्यापासून. त्या दिवशी बाईंनी आमच्या गाडीचे नाव रुसूबाई ठेवले.

लेकीने एक छोटे बटण दाखवले. ते दाबले की इंजिन झोपायचे थांबे. पण गाडी नव्याने सुरू केली की पुन्हा मूळपदावर. घरून निघताना बाईंना मास्तरांची काठी, औषधे, गॅस बंद केला की नाही, इतके आठवायचे असे, की त्या बटणाची पाळीच येत नसे.

दर सिग्नलला मास्तर म्हणत, "पाय... पाय..."

"पाय दुखतोय ना? पोचलोच आपण," बाई म्हणत, आणि बटण दाबत.

एकदा मोठ्या चौकात व्हायचे ते झाले. इंजिन झोपले, बाईंनी बटण दाबले, गाडी पुरती बंद झाली. घाबरून बाईंनी पुन्हा पुन्हा बटण दाबले, पण गियर पुढे जायच्या जागीच राहिला होता. तो थांबायच्या जागी आणल्याशिवाय गाडी चालू होणार कशी? बाईंचा हात माफी मागायला बाहेर. मागच्यांना वाटले, या आम्हांला पुढे जा म्हणताहेत. ते डावीकडून घुसले, उजवीकडून घुसले, समोरून येणाऱ्यांना आडवे गेले. चारही रस्ते तुंबले.

"आजी, हात आत घ्या आधी!" वाहतूक पोलीस ओरडला. "तुम्ही चौक चालवताय का गाडी?"

त्या संध्याकाळी अंगणात गाडी लावून मायलेकी माझ्यासमोरच बोलत उभ्या राहिल्या.

"आई, आता पुरे. या महिन्यानंतर किल्ली माझ्याकडे."

"आणि यांचा गुरुवार?"

"मी रविवारी नेईन ना."

"रविवारी ताईचा दवाखाना बंद असतो. गुरुवारी तुला सुट्टी मिळते का? नाही. मग?"

"मग घरी व्यायाम करा. हातपाय शाबूत राहिले तर बोलणं. मला रोज धाकधूक नको."

किल्ली गेली की गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला की मास्तरांचे शब्द गेले. सगळ्यांना ते कळत होते. मास्तर पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "ती... ती..."

"तहान लागली? आणते हं," म्हणत बाई आत पळाल्या. मास्तरांनी पाण्याबरोबर पुढचा शब्दही गिळला.

महिन्यातला शेवटचा गुरुवार आला. दवाखान्यातून निघताना ताई गाडीपर्यंत सोडायला आली. खिडकीशी वाकून म्हणाली, "काकू, रागावणार नसाल तर एक सांगू? त्यांचा शब्द अडला की तुम्ही लगेच पुढचा हातात देता. मग त्यांचा शोधायचा राहून जातो."

"अगं, त्यांचे हाल बघवत नाहीत मला."

"मला कळतं. पण शब्द थांबतो म्हणजे संपत नाही. आत शोधाशोध चालू असते. तुम्ही नुसतं बसा. हात मांडीखाली घ्या हवं तर."

"गाडी चालवताना मांडीखाली?"

"स्टिअरिंग घट्ट धरा मग!" ताई हसली.

परतीच्या वाटेवर तोच मोठा चौक, तोच लाल दिवा. गाडी थांबली आणि इंजिन झोपले. मी कान टवकारले. बाईंच्या बांगड्या वाजल्या. हात बटणाकडे निघाला होता.

"पाय..." मास्तर म्हणाले.

बाईंनी तोंड उघडले, आणि मिटले. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले. मी तिथे दिवे आणि पंखा सांभाळत बसले होते आणि माझ्याही जिवात जीव नव्हता. मित्रांनो, सिग्नलला मी पुष्कळ थांबले आहे, पण एवढे लांब थांबणे मला दुसरे आठवत नाही.

"पाय..." पुन्हा शांतता. "काढ."

बाई गप्पच.

"ब्रेकवरनं."

समोरचा दिवा हिरवा झाला. बाईंनी पाय उचलला. मी सगळा जोर लावून इंजिनाला ढोसले आणि रुसूबाई हसतमुखाने पुढे निघाली.

पुढच्या सिग्नलला इंजिन झोपले तेव्हा आत बाई हसत होत्या आणि रडतही होत्या.

"एवढंच होतं? नुसता पाय काढायचा? अहो, मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

मास्तरांना उत्तर शोधायला वेळ लागला. बाईंनी तो लागू दिला.

"सांगत... होतो. तू... बोलत... होतीस."

मग तर मास्तरांची शिकवणी पुन्हा सुरू झाली. "हलका... दाब. मग... झोपत नाही." आमच्या गाडीची ही खुबीच होती. ब्रेक अलगद दाबला तर इंजिन जागे राही, घट्ट दाबला तर झोपे. गर्दीत पुढे-पुढे सरकायचे असेल तेव्हा अलगद, लांब थांबायचे असेल तेव्हा घट्ट. बाई एकेक गोष्ट विचारत आणि उत्तर येईपर्यंत वाट बघत. ताईच्या व्यायामापेक्षा या धड्यांचाच गुण जास्त आला, असे मला वाटते. पण मी पडले गाडीच्या बाजूची.

किल्ली द्यायच्या दिवशी मास्तरांनी लेकीला मागच्या गादीवर बसवले. बाईंनी मोठ्या चौकातून गाडी काढली. लाल दिव्याला इंजिन झोपले, तेव्हा लेकच किंचाळली.

"आई, बंद पडली!"

"नाही गं. डोळा लागलाय तिचा," बाई म्हणाल्या.

घरी पोचल्यावर मास्तर काठी टेकत उतरले. म्हणाले, "ती..." लेक काहीतरी बोलणार, तेवढ्यात बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"ती... पास."

पायरीवर बसून जे सांगायचे राहिले होते, ते हेच होते. किल्ली बाईंकडेच राहिली.

त्यानंतरची वर्षे आनंदाची गेली. दिवस सरले तसे बाहेर जाणे कमी झाले. ताईनेच एक दिवस सांगितले, आता यायची गरज नाही. गाडी निघायची ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मित्रांनो, आम्हां बॅटऱ्यांचे अन्न म्हणजे लांबची फेरी. इंजिन बराच वेळ चालले की आमचे पोट भरते. दुकानापर्यंत जाऊन येण्यात मी देई जास्त आणि मला मिळे कमी. खुंटीवरचे यंत्र विचारी, "जमेल ना गं?" आणि मला नाही म्हणावे लागे. इंजिन सिग्नलला जागेच राहू लागले. मला आतले बोलणे ऐकू येणेही बंद झाले.

बाईंच्या ते ध्यानात आले. "ही हल्ली रुसतच नाही हो. चुकल्यासारखं होतं," असे त्या अंगणात म्हणाल्या.

"बॅटरी... दमली," मास्तर म्हणाले.

बॅटरीवाला घरी आला. लेक म्हणाली, "साधीच बसवा की." मास्तरांनी मान हलवली. "हिच्या... जातीचीच. साधी... टिकणार नाही." त्याने माझ्यासारखीच नवी बसवली. तिची कळा बघून मला माझे पहिले दिवस आठवले.

मग त्याने मला उचलले.

तुम्ही मोठे झालात आणि अशी गाडी तुमच्या हाती आली, तर तिला समजून घ्या. ती थांबली म्हणून घाबरू नका. तिला अधूनमधून लांब फिरवून आणा. तिची बॅटरी दमली तर तिच्याच जातीची दुसरी द्या, आणि जुनी कुठेही टाकू नका. आमच्यातले आम्ल मातीला बाधते. ज्याच्याकडून नवी घ्याल त्याच्याच हाती द्या, म्हणजे आमच्या शिशाच्या पुन्हा पट्ट्या होतात. आणि तुमच्या घरी कुणी बोलता बोलता अडत असेल, तर तुम्हांला शब्द माहीत असला तरी जरा दम धरा.

तर बॅटरीवाल्याने उचलून नेताना मी फाटकापाशी पोचले, तेव्हा पायरीवरून आवाज आला, "हिला..."

"भंगारात ना? हो, तिकडेच नेतोय," बॅटरीवाला म्हणाला.

बाईंनी तळहात वर केला. "थांबा. त्यांचं व्हायचंय अजून."

तो मला हातांत घेऊन उभा राहिला. जड होते मी, पण तो उभा राहिला. अंगणात शांतता होती. मला सगळे ऐकू येत होते.

"हिला..." मास्तर म्हणाले, "हळू... ठेवा."

त्याने मला आपल्या गाडीत हळूच ठेवले.