सुयोगने शाकारलेलं घर

रविवारी काम बंद असे. पद्मजा एकटीच ओसरीवर उभी राहून चुन्याच्या गोण्या ताडपत्रीखाली झाकत होती, तेवढ्यात फाटकातून एक बाई धावत आत आली. पायात चप्पल नव्हती. डाव्या कानातून रक्त ओघळून मानेवर आलं होतं.

"बायकांचं घर हेच ना?" तिने धापा टाकत विचारलं. "मार खाऊन आलेल्यांना ठेवून घेतात ते?"

"हेच. पण अजून उघडलं नाही गं. खिडक्यांना गज आत्ता कुठे लागलेत, नळाला पाणी नाही..." बोलता बोलता पद्मजाची नजर त्या कानाकडे गेली आणि नळाचं बोलणं तिचं तिलाच लाजिरवाणं वाटलं. "कोणी मारलं?"

"नवऱ्याने. सुयोगने. तुमच्याकडे काम करतो ना, तोच."

पद्मजाच्या हातातली ताडपत्री गळून पडली.

मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी हे जुनं शेतघर उभं होतं. आजूबाजूला भातशेती आणि चिकूची बाग होती तेव्हाचं. दगडी भिंती, सागवानी तुळया, मागे गुरांचा लांबलचक गोठा. शेती गेली, बाग गेली, टॉवर आले. घर तेवढं राहिलं. मालकांनी ते बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकलं, आणि नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी ते उभं करायची जबाबदारी पद्मजाने घेतली. बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन ती त्यात पडली. चार कंत्राटदार म्हणाले, पाडा आणि नवीन बांधा. सुयोग तेवढा तुळईवर हात फिरवून म्हणाला, "ताई, हिला काही झालेलं नाही. फक्त पाणी पीत होती बिचारी." त्याने आढं बदललं, वासे बदलले, एकेक कौल धुऊन पुन्हा चढवलं, सगळं छप्पर नव्याने शाकारलं. पद्मजा ज्याला त्याला सांगायची, माझा सुयोग म्हणजे सोनं आहे.

"हे घर तुला कोणी दाखवलं?" तिने विचारलं.

"त्यानेच सांगितलं. जेवताना हसत होता. म्हणाला, पळपुट्या बायकांसाठी महाल बांधतोय." तिचं नाव रुचिरा. "आज भाजीत मीठ जास्त झालं. कढईच मारली कानावर."

पद्मजाने तिला आत घेतलं, सागवानी दार लावलं, आतून लाकडी आडणा घातला आणि पोलिसांना फोन केला. गाडी निघते म्हणाले. फोन ठेवते न ठेवते तोच फाटकाशी मोटरसायकल थांबली.

बाहेर राखणदार श्यामकांत होता, साठी उलटलेला. त्याचा आवाज आला, "सुयोग, आज काम नाय बाबा. उद्या ये." मग हेल्मेट हाडावर आपटल्याचा आवाज झाला. पद्मजा खिडकीशी धावली. श्यामकांत गुडघ्यांवर बसला होता, तोंडावर हात धरून, आणि बोटांमधून रक्त गळत होतं. सुयोगने त्याच्या छातीत लाथ घातली. म्हातारा आडवा झाला.

"ताई," सुयोग दारापाशी येऊन म्हणाला. आवाज रोजचाच, मऊ. "घरातलं भांडण आहे. तिला बाहेर पाठवा. तुम्हाला त्रास नको."

"पोलीस येतायत, सुयोग. निघून जा."

"येऊ देत की."

दारावर एक धक्का बसला. दार हललं नाही. तो हसला.

"मीच केलंय ना हे. पहारीने पण तुटायचं नाही. आणि एवढ्या मेहनतीचं दार कशाला फोडू?"

मग पावलं दारापासून दूर गेली. रुचिरा भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने हळूच वर पाहिलं. पद्मजाला काही कळेना. मग कौल कौलावर घासल्याचा आवाज आला.

तो वरून येत होता. कुठला वासा भार घेतो, कौलांखालची कुठली रीप कच्ची आहे, सगळं त्याला पाठ होतं. आणि कौलं तो फेकत नव्हता. एकेक काढून बाजूला नीट रचत होता. छपरात उजेडाचा चौकोन उघडला आणि वाढत गेला. पद्मजाने आडणा काढायला हात घातला. बाहेर पळावं, आवार ओलांडून रस्ता गाठावा. पण तेवढ्यात तो तुळईवर उतरला आणि तिथून त्याने खाली उडी मारली.

त्याने पद्मजाकडे पाहिलंही नाही. रुचिराचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. ताज्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल डाग उमटला. पुन्हा आपटलं. "महाल पाहिजे तुला? घे महाल!"

पद्मजा त्याच्या पाठीवर तुटून पडली. त्याने कोपर मागे मारलं, तिच्या नाकाचं हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. तोंडात रक्त भरलं. तिने त्याच्या दंडाचा चावा घेतला. त्याने तिची करंगळी पकडली आणि उलटी वाकवली. ती ओरडत खाली बसली. तिच्या हाताला कोपऱ्यातली पहार लागली.

रुचिरा जमिनीवर पडली होती. तिच्याजवळ चुन्याची फाटकी गोणी होती. सुयोग तिला लाथ मारायला वळला, तशी तिने दोन्ही मुठी भरल्या आणि त्याच्या तोंडावर उधळल्या.

तो किंचाळला. डोळे चोळत आंधळ्यासारखा गरगर फिरला. पद्मजा उठली आणि तिने पहार त्याच्या गुडघ्यावर घातली. तो कोसळला. उजवा हात फरशीवर टेकवून उठू लागला.

तेव्हा थांबता आलं असतं. तो पडला होता, त्याला दिसत नव्हतं. पद्मजाच्या डोळ्यांसमोर तो हात होता. तुळईवरून मायेने फिरणारा, आणि घरी जाऊन कढई उचलणारा. तिने पहार डोक्यावर उचलली आणि त्या हातावर घातली. तिला बरं वाटलं. अंगभर, पोटापासून बरं वाटलं.

मग तिने पाण्याचं पिंप ओढत आणलं आणि त्याच्या डोळ्यांवर पाणी ओतत राहिली. रुचिरा म्हणाली, "राहू दे ना, ताई." पद्मजा ओतत राहिली. पोलीस आले तेव्हाही ती ओततच होती.

श्यामकांत वाचला, पुढचे दात गेले. रुचिराचा डावा कान कायमचा गेला. सुयोगचा एक डोळा गेला आणि उजव्या हाताची मूठ वळेनाशी झाली. संस्थेच्या वकिलांनी पद्मजाला जबाब समजावून दिला: झटापटीत हात फिरला, एवढंच म्हणायचं. ती पोलिसांना म्हणाली, "दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो पडलेला होता." तिच्यावरही गुन्हा दाखल झाला. संस्थेने तिला कामावरून दूर केलं. घर उघडलं, बायका आल्या, फुलांच्या माळा लागल्या. पद्मजा त्या दिवशी घरीच बसून होती. रुचिरा आता त्याच घरात राहत होती; दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन पद्मजाकडे आली आणि मग दर रविवारी घराच्या बातम्या घेऊन येत राहिली.

पावसाळा सरता सरता कोर्टाची तारीख पडली. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पलीकडे सुयोग होता, काळा चष्मा लावून, पोलिसाच्या शेजारी. त्याने मान वळवली.

"ताई, गोठ्याच्या बाजूने गळतंय का?"

पद्मजाच्या तोंडून खरं तेच निघालं. "गळतंय. दोन माणसं येऊन गेली, सापडत नाही."

"सापडणार नाही. पाणी तिथून शिरतच नाही." तो पुढे झुकला. तोच मऊ आवाज, तोच सुयोग. "सांगू? वरची पन्हळ आहे ना, तिच्या..."

आणि पद्मजा ऐकू लागली. ती नकळत त्याच्याकडे कलली होती.

रुचिराने तिचा दंड धरला. तिचा स्वतःचा ऐकू येणारा, उजवा कान त्याच्या बाजूला होता. तिने जागा बदलली, मधे बसली आणि त्याच्याकडे पाठ केली.

"गळू दे," ती म्हणाली. "आम्ही बादली लावतो."