किरण कमी पडले

"सर, बटन बंद करा. नारळ फोडायचाय."

प्रयोगशाळेचा शिपाई गोटीराम हळदकुंकवाचं ताट घेऊन उभा होता. खंडेनवमी होती. आज कॉलेजातलं प्रत्येक यंत्र आराम करणार होतं, वर्षभर आरामच करणारी यंत्रंसुद्धा.

"हा संगणक चालू राहू दे," कुंदन म्हणाला. "दसऱ्यानंतर लगेच समिती आहे."

"मशीनला एक दिस बी सुट्टी नाय? लय जुलूम हाय सर तुमचा."

कुंदन तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. म्हणजे वर्गात 'सर' आणि ऑफिसात 'थांब रे जरा'. पीएचडीची शेवटची मुदतवाढ चालू होती. या वेळी समितीने 'असमाधानकारक' लिहिलं की नोंदणी रद्द, आणि कायम नोकरीची आशाही.

काम होतं उजेडाचं. संगणकातला साधा किरण नाकासमोर जातो. फटीतून गेला की समोर एक पांढरी पट्टी. खरा उजेड इतका सज्जन नसतो. तो फटीतून बाहेर पडताना पसरतो आणि पडद्यावर मधेमधे काळ्या पट्ट्या पाडतो. म्हणून कुंदन किरणांना वाट्टेल त्या दिशेला उधळायचा आणि प्रत्येकाबरोबर त्याची लाट मोजायचा. एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडला की दोघं मिळून अंधार. एका मतदाराला विचारून निकाल कळत नाही, तसं एका किरणाचं. लाखभर सोडले तरी नुसते ठिपके. कोट्यवधी सोडले की पट्ट्या उघडू लागतात.

विभागप्रमुख शेवाळे आत आले. त्यांचा स्वतःचा प्रबंध सोनेरी अक्षरांत बांधलेला होता; तो उघडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"उजेड काय तुझ्या संगणकावाचून अडलाय? बंद कर."

कुंदनने संगणकाचा पडदा बंद केला. फक्त पडदा. आत मशीन चालू असलेल्या डब्याचे दिवे लुकलुकत राहिले, ते झाकायला त्याने मखमलाबादच्या घरच्या मळ्यातली, मनगटाएवढ्या जाडीची झेंडूची ओली माळ पुढून-मागून गुंडाळली. गोटीरामने कुंकू लावून हात जोडले आणि दचकला.

"सर, गरम लागतोय ह्यो."

"देव पावलाय. चल पुढं."

दसरा झाल्यावर सकाळी कुंदन आला, तेव्हा डबा गार पडला होता. फुलांनी हवेची भोकं बुजवली होती आणि मशीन तापून आपलं आपणच बंद पडलं होतं. बापाने वाढवलेला, आईने ओवलेला, पोराने गुंडाळलेला झेंडू! जपून ठेवलेल्या चित्रात मधली उजळ पट्टी होती, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक काळी. त्यापलीकडे राळ्याचे दाणे सांडल्यासारखे ठिपके.

समिती दुपारी होती. शेवाळ्यांनी चित्र पाहिलं.

"पडद्याला खरूज झालीय का? घोटून घे जरा. पुस्तकातली वक्ररेषा आहे ना, ती बसव वर. सगळे तेच करतात."

"या ठिपक्यांत पुढं काय आहे, ते मला अजून माहीत नाही, सर."

"पुस्तकाला माहीत आहे ना!"

"मग मी एवढे किरण कशाला सोडले?"

शेवाळे चहा सांगायला गेले. कुंदनच्या आधीच्या उमेदवाराने लोण्यासारख्या गुळगुळीत रेषा दाखवल्या. कशा काढल्या, हे कोणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. त्याला टाळ्या मिळाल्या.

कुंदनने ठिपके दाखवले.

"काम अर्धवट का?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

कुंदनने शेवाळ्यांकडे पाहिलं. शेवाळे पंख्याकडे पाहत होते.

"झेंडूमुळे."

परीक्षकांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्याखाली लिहिलं: असमाधानकारक.

प्रयोगशाळेत गोटीराम ब्रशने भोकांतल्या पाकळ्या काढत होता. कुंदनने स्टूल ओढलं, मशीन लावलं आणि जुन्या चित्रावरच प्रोग्राम पुन्हा सुरू केला. ठिपक्यांत नवे ठिपके पडू लागले.

"शेवाळे सर म्हनले, तुमचं काम संपलं," गोटीराम हळू आवाजात म्हणाला. "आता कोनासाठी चालवता?"

"बघ, कडेला दुसरी काळी पट्टी दिसते का."

गोटीरामने चष्मा पुसला, वाकून बराच वेळ पाहिलं.

"नाय."

"मग चालू राहू दे."

गोटीरामने ब्रश खिशात घातला आणि शेजारी दुसरं स्टूल ओढलं.