अर्धे राहिलेले कातडे

मित्रांनो, मी एक जुनी दगडी तासणी आहे. किती जुनी ते विचारू नका. शेती नव्हती, चाक नव्हते, मडकीसुद्धा नव्हती, तेव्हाची. मला बघून तुम्ही म्हणाल, हा तर साधा गोटा! म्हणा बापडे. पण याच शब्दापायी मी एकदा सिमेंटखाली जाता जाता वाचले.

मला एका बाईने घडवले. मोठ्या गोट्यावर घाव घालून तिने मला वेगळे काढले. घाव बसला तिथे माझ्या पोटावर अजून फुगवटा आहे. मग एका कडेच्या बारीक कपच्या ओळीने उडवून तिने मला धार दिली आणि पाठीवर अंगठ्यापुरता खळगा केला. ती डावरी होती. कातड्याच्या आतली चरबी आम्ही दोघी तासायचो. माझ्याइतकी चांगली तासणी वस्तीत दुसरी नव्हती. ही फुशारकी मलाच मारावी लागते, कारण कौतुक करणारे कोणी उरले नाही.

एके दिवशी कातडे अर्धे तासून झाले आणि तिचा हात थांबला. बोटे गार पडली, पण सुटली नाहीत. लोकांनी आम्हाला तसेच मातीत ठेवले. हळूहळू तिच्या बोटांचीही माती झाली. पुढचा काळ फार एकटा गेला.

मग उत्खनन झाले आणि मी एका लांब टेबलावर आले. मोठे सर दगड निवडत होते. आधी फुगवटा बघायचा, मग धारेवरच्या कपच्या, शेवटी हातात धरायचे, अशी त्यांची रीत. माझ्या अंगावर माती घट्ट बसली होती, म्हणून त्यांनी सगळी भिस्त हातावर ठेवली. उजव्या हातावर!

"छे, बोट कुठे बसतच नाही. नुसता दगड," म्हणत त्यांनी मला घमेल्यात टाकले.

दारात गवंडी उभा होता. "सर, भर नेऊ ना? सिमेंटचा माल कालवून ठेवलाय, आळून जाईल." शेजारच्या खोलीत नवी जमीन होत होती आणि टाकून दिलेले दगड तिच्या भरीला जात होते.

"ने, ने."

गवंड्याने घमेले उचलले. भीतीने माझे पाणी पाणी झाले. पण दगडाला तोंड कुठे?

तेवढ्यात दगडांची चित्रे काढणाऱ्या बाईंचा कागद पंख्याने उडू लागला. वजन म्हणून त्यांनी घमेल्यातून मलाच उचलले, डाव्या हाताने. अंगठा खळग्यात बसला. बोटे मिटली. हात टेबलावरच्या त्यांच्या चामड्याच्या पिशवीवर गेला आणि तासू लागला. खर्र, खर्र.

"अहो बाई, चांगली पिशवी आहे की!" सर हसले.

"मी नाही करत, सर. हातच करतोय. सोडवा ना!"

सरांनी बोटे उघडून पाहिली. उघडेनात. मग त्यांनी मनगटाचा तो सराईत झोक पाहिला आणि त्यांचे हसू मावळले. "असं धरायला तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही."

गवंड्याने घमेले खाली ठेवले आणि तो दोन पावले मागे सरला.

पिशवीची एक बाजू झाली, मग दुसरी. शेवटचा कोपरा तासला गेला तेव्हा एकेक बोट आपोआप सुटले. बाईंचा हात बर्फासारखा गार होता. त्या रडत होत्या, पण आवाज अगदी शांत होता. "झालं," त्या म्हणाल्या, "अर्धं राहिलं होतं." मला क्षणभर वाटले, माझी बाईच परत आली. पण हात उबदार होऊ लागला, आणि तो परकाच होता. मला फार वाईट वाटले.

सरांनी मला डाव्या हातात धरले, फुगवट्यावरची माती खरवडून काढली आणि घमेल्यातला प्रत्येक दगड पुन्हा टेबलावर काढला.

आता मी कापसावर, खणात असते. मित्रांनो, कोणताही दगड भिरकावण्याआधी दोन्ही हातांत धरून बघा. घाईत असाल तर मात्र धरू नका. या खणात आम्ही चाळीस जणी आहोत, आणि कोणाचे किती काम राहिले आहे, ते आमचे आम्हालाही सांगता येत नाही.