हिला विचारा

माझं पार्लर आहे आणि मला बोलायला लागतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की कात्रीच्या आधी माझं तोंड सुरू होतं. आणि नवरा मिळाला जन्मापासून बहिरा! लोक म्हणतात, देवानं बघून जोडी लावली. आमचे हे सुतार. रंधा नीट चालतोय की नाही, ते यांना तळहाताला कळतं. घरात आम्ही हातांनी बोलतो. त्या भाषेत आमच्यात अहो-जाहो नाही, त्यामुळे चारचौघांत ‘अहो’ म्हणणारी मी घरात यांना खुशाल अरे-तुरे करते.

घराच्या रीतीही वेगळ्या. हाक मारायची तर दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचं. आणि भांडण माझ्या अंगाशी यायला लागलं की मी सरळ दिवा घालवते. अंधारात हात दिसत नाहीत, म्हणजे शेवटचा शब्द माझा! हे म्हणतात, इतकी लबाड बाई शोधून सापडायची नाही. खरंच आहे ते.

तर झालं असं, की सरकारनं चिठ्ठ्या टाकून साध्यासुध्या माणसांचं एक मंडळ नेमलं आणि त्यात माझी चिठ्ठी निघाली. घराण्यात चालत आलेला बहिरेपणा म्हणे आता गर्भ रुजण्याआधीच, प्रयोगशाळेत जनुकं बदलून काढून टाकता येतो. सरकारी दवाखान्यात तसं करू द्यावं का, ते आम्ही ठरवायचं. आम्ही म्हणजे मी, एक बस चालवणारा, एक निवृत्त मास्तर, एक फुलवाली आणि असेच बाकीचे. डॉक्टरांनी चित्रं काढून छान समजावलं, पण हात वर करायचा तो आम्हीच.

मला वाटलं, जाऊ, चहा पिऊ, हात वर करू, येऊ. कसलं काय! आमची लेक बापावर गेलेली, तीही जन्मापासून बहिरी. ती आणि जावई आता मुलाचा विचार करताहेत. मंडळाचं कळल्यावर ती पार्लरमध्ये आली, गिऱ्हाईक उठेपर्यंत थांबली आणि हातांनी म्हणाली, “आई, तू हो म्हण. शाळेत मी कसे दिवस काढले ते तू बघितलंयस. माझ्या बाळाला ते नको.”

मी मान डोलावली. पोटच्या पोरीला नाही कसं म्हणायचं?

घरी आले, तर हे पाळण्याला पॉलिश मारत बसलेले. बाळाचा पत्ता नाही आणि यांचा पाळणा तयार! बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मला हसू आलं, आणि लगेच मनात आलं, मी हो म्हटलं तर त्याचा अर्थ काय? यांच्यासारखं माणूस जन्मालाच येऊ नये, असं मी, यांच्या बायकोनं, सांगायचं?

“मंडळात काय चाललंय?” यांनी विचारलं. मी दिवा घालवला. दुसऱ्या संध्याकाळी विचारलं, पुन्हा घालवला. भांडण नसताना.

पुढच्या बैठकीत मास्तर म्हणाले, “बिचाऱ्या बहिऱ्यांचा आपण विचार करायला हवा.” झालं, माझं डोकं फिरलं. “अहो, त्यांचा विचार करताय, पण त्यांच्यातलं एक तरी माणूस आहे का इथे? लग्न लावायला बसलोय आणि नवरदेवाला आवतणच नाही!”

आमच्या यांच्याबद्दल मी पहिल्याच बैठकीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. तुमच्या यांनाच घेऊन या की.”

घ्या! स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा. वर आयत्या वेळी यांच्यासाठी बोलावलेल्या दुभाषी बाई आजारी पडल्या. “तुम्हीच सांगा ते काय बोलतात ते,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “फक्त एक शब्द गाळायचा नाही.”

हे आले इस्त्रीचा शर्ट घालून. मंडळी नेहमीसारखी एकदम बोलत होती. यांनी जरा वेळ सगळ्यांची तोंडं बघितली, मग भिंतीपाशी गेले आणि दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं. सगळे एकदम गप्प. इतक्या बैठकांत पहिल्यांदाच!

मग यांचे हात बोलायला लागले आणि माझं तोंड. “लेकीला हवं असेल तर तिला मिळू द्या. मी आड येणार नाही. पण याला दुरुस्ती म्हणू नका. दुरुस्ती मी मोडक्या खुर्चीची करतो. आणि नातवंड ऐकणारं आलं तरी त्याला हातांनी बोलायला शिकवा. नाहीतर माझ्याशी कोण बोलेल?”

मास्तरांनी घसा साफ केला. “राग मानू नका,” ते म्हणाले, “तुमच्या वेळी हे असतं, तर तुम्हाला बदललेलं आवडलं असतं का?”

मी ते हातांनी सांगितलं. हे माझ्याकडे बघत बोलायला लागले, आणि ते मलाच मोठ्यानं म्हणावं लागलं.

“मला काय ठाऊक? त्या दुसऱ्या माणसाला मी कधी भेटलो नाही. हिला विचारा. हल्ली ही भांडण नसताना दिवा घालवते. मला वाटतं, हिच्याकडे उत्तर आहे, पण मला दाखवायचं नाही.”

सगळ्यांची नजर माझ्यावर. लख्ख उजेड, आणि बटण लांब. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटेना. हातच उठले.

“वेड्या, मी हो म्हणणार आहे, कारण लेकीनं मागितलंय. आई आहे मी तिची. पण तुझ्या केसालाही मी कुणाला धक्का लावू दिला नसता. आहेस तसाच हवा होतास तू मला. आत्ताही हवायस.”

यांचे डोळे भरले. तशातही म्हणतात कसे, “केस तर तूच कापतेस. दर वेळी वाकडे.”

“बाई, काय म्हणालात?” अध्यक्षबाईंनी विचारलं. मी पदरानं नाक पुसलं आणि एक शब्द न गाळता सांगितलं, ‘वेड्या’सकट. परवानगी मिळाली, यांच्या दोन्ही अटींसह.

त्या संध्याकाळी पाळणा कुठे ठेवायचा यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. हे जिंकत होते. मी उठून बटणापर्यंत गेले, आणि दिवा तसाच ठेवून परत येऊन बसले.